सॉसेजचं विष आणि लघवीची पिशवी

१८२०च्या आसपास जर्मनीतल्या व्युर्टेमबर्ग राज्यात युस्टिनुस केर्नर नावाचा एक डॉक्टर सॉसेज खाऊन मरणाऱ्या माणसांची नोंद ठेवत होता. नेपोलियनच्या लढायांनी तो मुलूख कंगाल झाला होता. डुक्कर मारलं की त्याचं रक्त आणि मांस आतड्यात भरून, उकळून, धुरावर टांगायचं आणि पुरवून पुरवून खायचं, ही तिथली रीत. उकळण्यात कसर राहिली की आत विष तयार व्हायचं. केर्नर कवीही होता आणि जर्मन साहित्यात त्याचं नाव कवी म्हणूनच घेतलं जातं. पण १८२० साली ७६ आणि १८२२ पर्यंत एकूण १५५ रुग्णांची जी हकिगत त्याने लिहिली, ती एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखी काटेकोर आहे. बाहुल्या विस्फारतात. डोळ्यांतलं पाणी आणि तोंडातली लाळ आटते. गिळता येत नाही. आतडी थंडावतात. मूत्राशय लुळं पडतं. माणूस शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं कळत असतं.

केर्नरने हे विष प्राण्यांवर तपासलं, थोडं स्वतःच्या जिभेवरही ठेवून पाहिलं. मग त्याने एक धाडसी विचार मांडला. हे विष नसांकडून स्नायूंकडे आणि ग्रंथींकडे जाणारा निरोप अडवत असेल, तर जिथे तो निरोप नको इतका जोरात जातो अशा आजारांत त्याचा थेंबभर उपयोग का होऊ नये? त्याच्या डोळ्यांसमोर हातपाय आपोआप झटकले जाणारे रुग्ण होते. लघवी न थांबणाऱ्या रुग्णांपर्यंत तो विचार पोहोचायला पावणेदोनशे वर्षं लागली.

या प्रकरणात केर्नरच्या यादीतलं ते एकच लक्षण आपण धरणार आहोत, लुळं पडलेलं मूत्राशय. कारण आज युरोलॉजिस्ट मंडळी त्याच विषाचं इंजेक्शन देऊन तेच लक्षण मुद्दाम, मोजून आणि काही महिन्यांपुरतं घडवून आणतात.

हे का करावं लागतं ते समजायला आधी निरोगी पिशवीचं काम पाहू. मूत्राशय म्हणजे डिट्रुसर नावाच्या स्नायूची ताणली जाणारी पिशवी. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. दोन्ही मूत्रपिंडांकडून थेंब थेंब लघवी येत राहते, पिशवी फुगत जाते आणि तरीही आतला दाब जवळपास वाढत नाही. या पिशवीची खरी करामत हीच आहे. दिवसाचे चोवीस तास धरले तर ती आकुंचन पावते जेमतेम काही मिनिटं. उरलेला सगळा वेळ तिला फक्त गप्प राहायचं असतं.

हे गप्प राहणं वाटतं तितकं सोपं नाही. पिशवी भरत असताना कमरेच्या वरच्या भागातून येणाऱ्या नसा तिला सैल ठेवतात आणि खालची झडप आवळून धरतात. रिकामं करायची वेळ आली की माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पातळीवरून निघणाऱ्या नसा ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतात, त्याने डिट्रुसर आवळतो आणि त्याच क्षणी झडप सैल पडते. आवळणं आणि सैल पडणं यांचा मेळ घालणारं केंद्र मेंदूच्या देठात असतं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ बॅरिंग्टनने १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते शोधलं. त्या केंद्रावरही मेंदूच्या पुढच्या भागाचा पहारा असतो. 'आत्ता नाही, घरी पोहोचल्यावर' असा हुकूम तिथून सुटतो. मूल अंथरूण ओलं करायचं थांबतं, तेव्हा हा पहारा बसलेला असतो.

पहारा ढिला झाला, नसा नको तेवढ्या जाग्या झाल्या किंवा स्नायूच बिथरला, तर पिशवी अर्धी भरायच्या आतच कळ येते. ही नेहमीची भावना नव्हे. ती अचानक येते आणि टाळता येत नाही. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ साली अतिसक्रिय मूत्राशयाची व्याख्या केली, तिच्या मध्यभागी हीच निकडीची कळ ठेवली आहे. लघवी गळणं असेल किंवा नसेल. सोबत दिवसा वारंवार जावं लागतं, रात्री उठावं लागतं. मात्र जंतुसंसर्ग, खडा, गाठ असं दुसरं कारण सापडलं तर त्याला हे नाव द्यायचं नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढ बायकांपैकी सुमारे १७ टक्के आणि पुरुषांपैकी १६ टक्के लोकांत हा त्रास आढळला. पुरुषांचा आकडा मुद्दाम सांगितला, कारण हा बायकांचा आजार आहे असं घरोघरी धरून चाललेलं असतं. गळण्याचं प्रमाण बायकांत जास्त, एवढंच खरं.

हा आजार जीव घेत नाही, दिवस खातो. लग्नाला गेलं की आधी बाथरूम कुठे ते बघून ठेवायचं. लांबचा एसटीचा प्रवास टाळायचा, आणि करावाच लागला तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं. साडी गडद रंगाची नेसायची. कुलपात किल्ली घालताच किंवा नळाच्या पाण्याचा आवाज कानी पडताच लघवी सुटते, हे तर कित्येकींनी अनुभवलेलं असतं. यात मेंदूला लागलेल्या सवयीचाही हात आहे. घर आलं, आता मोकळं व्हायचं, हे शरीर किल्लीच्या आधी शिकून बसलेलं असतं. पाणी तोडण्याचा उपाय मात्र अंगाशी येतो. लघवी दाट झाली की ती पिशवीच्या अस्तराला टोचते आणि कळ वाढते, शिवाय संसर्गाला वाट मिळते. मुंबईत २०११ साली बायकांच्या स्वच्छ आणि मोफत मुताऱ्यांसाठी 'राईट टू पी' ही चळवळ उभी राहिली, तेव्हा दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या बायकांची गोष्ट पहिल्यांदा उघडपणे बोलली गेली. निरोगी पिशवी असलेल्या बाईला जे शहर इतकं अवघड, ते बिथरलेली पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईला कसं असेल, याचा हिशेब कुठल्याही दवाखान्याच्या केसपेपरावर येत नाही.

गळण्याचे प्रकार दोन, आणि ते वेगळे करता आले नाहीत तर पुढचं सगळं चुकतं. खोकताना, शिंकताना, हसताना, बादली उचलताना लघवी सुटत असेल तर दोष बहुधा झडपेचा आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा असतो. पिशवी बिचारी तिथे निर्दोष असते. कळ येऊन बाथरूमपर्यंत पोहोचायच्या आत लघवी सुटत असेल तर दोष पिशवीचा. या प्रकरणातलं इंजेक्शन दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारात ते देऊन काहीच हाती लागत नाही. कित्येकींना दोन्ही त्रास एकत्र असतात, तिथे डॉक्टरने आधी नीट ऐकून घ्यावं लागतं.

इंजेक्शनची पाळी येण्याआधी बरंच काही करून बघायचं असतं, आणि ते करून न बघताच सुई मागणारे रुग्ण जसे असतात तसे देणारे डॉक्टरही असतात. तीन दिवस एका वहीत किती वाजता किती प्यायलो, किती वाजता किती लघवी झाली, कधी गळली हे मापाच्या भांड्याने लिहून काढायचं. या वहीसारखी स्वस्त तपासणी दुसरी नाही. रात्री नऊला दोन तांबे पाणी आणि वर चहा घेणाऱ्याला रात्री तीनदा का उठावं लागतं, ते वही सांगते. रक्तातली साखर, लघवीची तपासणी, बद्धकोष्ठ, पुरुषांत प्रोस्टेट हे बघून घ्यायचं. मग दोन फेऱ्यांतलं अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पिशवीला वळण लावायचं. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल याने १९४८ साली रूढ केलेले तळाच्या स्नायूंचे व्यायाम करायचे. ते झडपेच्या दोषाला तर उपयोगी आहेतच, पण कळ आली असताना ते स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळले तर पिशवीचं आकुंचनही शमतं.

त्यापुढे गोळ्या. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन ही घराण्यातली नावं. नसेने सोडलेलं ॲसिटिलकोलीन पिशवीच्या स्नायूवर जिथे पोहोचतं ती जागा या गोळ्या अडवून धरतात. गोळीची अडचण अशी की ती पोटात गेल्यावर अंगभर फिरते. लाळेच्या ग्रंथी, आतडी, डोळे या सगळ्यांना त्याच रसायनाकडून निरोप मिळतो. म्हणून तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, काचबिंदूच्या काही प्रकारांत धोका वाढतो आणि उतारवयात विसराळूपणा, गोंधळ यांची भर पडते. केर्नरची यादी आठवली तर ही सौम्य आवृत्ती ओळखीची वाटेल. पुढे मिराबेग्रॉन आलं. ते वेगळ्या वाटेने पिशवी सैल करतं, त्यामुळे कोरड पडत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या सुरू केलेल्यांपैकी पुष्कळ जण वर्षाच्या आत त्या सोडून देतात. कोणाला गुण येत नाही, कोणाला कोरड सोसत नाही, कोणाला खर्च. गोळ्या थकल्या की इंजेक्शनचा विषय निघतो.

विषाची पुढची कहाणी थोडक्यात. १८९५च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल गावी अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, त्यातले तिघे दगावले. रॉबर्ट कॉखचा शिष्य एमिल व्हान एर्मेंगम याने त्या मांसातून आणि प्रेतातून जंतू शोधून काढला आणि १८९७ साली प्रसिद्ध केला. हा जंतू मातीत सगळीकडे असतो, फक्त हवा नसलेल्या जागी तो वाढतो आणि विष करतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने त्याचा शस्त्र म्हणून विचार केला. मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत १९४६ साली एडवर्ड शांट्झने त्याचे शुद्ध स्फटिक केले. १९४९ साली लंडनमध्ये आर्नल्ड बर्गेनच्या गटाने दाखवलं की हे विष नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सुटूच देत नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोतले नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर उपाय शोधत होते. डोळ्याचा एखादाच स्नायू सैल करणारं औषध त्यांना हवं होतं. शांट्झने त्यांना विष पुरवलं, १९७३ साली माकडांवर ते चाललं आणि १९८९च्या डिसेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीवर त्याला मान्यता दिली. दोन वर्षांनी ॲलर्गन कंपनीने ते विकत घेतलं आणि बोटॉक्स हे नाव जगभर झालं. कपाळाच्या आठ्यांसाठीची मान्यता त्यानंतर, २००२ साली आली. आज नाव घेतलं की नट्यांचे चेहरे आठवतात, पण मूळ धंदा डोळ्यांच्या दवाखान्यातला आहे.

हे विष नेमकं करतं काय, ते थोडं आत शिरून पाहण्यासारखं आहे. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन सूक्ष्म थैल्यांमध्ये भरून ठेवलेलं असतं. निरोप आला की थैली टोकाच्या पडद्याला चिकटते, फुटते आणि रसायन बाहेर पडतं. चिकटण्यासाठी काही प्रथिनांची गुंफण लागते, त्यांतल्या एकाचं नाव स्नॅप-२५. विष नसेच्या टोकात शिरतं आणि कात्रीसारखं चालणारा त्याचा एक तुकडा स्नॅप-२५ कापून टाकतो. थैल्या भरलेल्याच राहतात, फुटत नाहीत. नस मरत नाही, स्नायूही मरत नाही. काही महिन्यांत नस नवं प्रथिन तयार करते आणि निरोप पुन्हा सुरू होतो. इंजेक्शनचा असर संपतो तो याच कारणाने. आणि म्हणूनच ते सुचवताना डॉक्टरचा हात फारसा थरथरत नाही, कारण झालेली गोष्ट कायमची नसते.

मूत्राशयाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. हे इंजेक्शन स्नायू तर सैल करतंच, पण पिशवीच्या अस्तराखालून वर जाणाऱ्या, भरल्याची वर्दी देणाऱ्या नसांनाही शांत करतं. रुग्ण म्हणतात की गळणं थांबायच्या आधीच कळेची धार बोथट झाली. माझ्या मते या उपचाराचा मोठा गुण हाच आहे. नुसता स्नायू लुळा करून कळ तशीच राहिली असती, तर माणूस कोरडा राहूनही बाथरूमकडे धावतच राहिला असता.

पिशवीपर्यंत विष पोहोचलं ते पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांच्या वाटेने. कणा मधेच तुटला की मेंदूच्या देठातलं मेळ घालणारं केंद्र आणि पिशवी यांचा संबंध सुटतो. मग पिशवी आवळते त्याच वेळी झडपही आवळते. बंद दारावर पिशवी जोर करत राहते, आतला दाब चढतो आणि तो उलटा मूत्रपिंडांवर जातो. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत गेले, आणि त्यात संसर्ग झालेल्या लघवीचा आणि निकामी मूत्रपिंडांचा मोठा वाटा होता. अशा रुग्णांत १९८८ साली अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डेनिस डिक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी हे विष पहिल्यांदा वापरलं, पण ते झडपेत टोचलं, दार उघडावं म्हणून. झुरिकच्या ब्रिगिटे शुर्च आणि जर्मनीतले मानफ्रेड श्टोरर यांनी उलटा विचार केला. दार राहू दे बंद, पिशवीच शांत करू, आणि लघवी नळीने काढू. २००० साली त्यांनी निष्कर्ष छापले. पिशवीत जास्त लघवी मावू लागली होती, दाब उतरला होता आणि बहुतेक रुग्ण कोरडे झाले होते.

या युक्तिवादात 'लघवी नळीने काढू' हे तीन शब्द सहज येऊन जातात. ते सहज म्हणता यावेत यासाठी आधी मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडिस या युरोलॉजिस्टला आपल्या व्यवसायाशी भांडावं लागलं होतं. तोवरचा नियम असा की मूत्राशयात नळी घालायची तर ती पूर्ण निर्जंतुक हवी, हातमोजे हवेत, शक्यतो रुग्णालय हवं. १९७२ साली लॅपिडिसने सांगितलं की साबणाने हात धुवा, स्वच्छ नळी घ्या, दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच घाला, पिशवी रिकामी करा, नळी धुऊन ठेवा. त्याचं म्हणणं होतं की संसर्ग नळीबरोबर आलेल्या चार जंतूंनी होत नाही. तुडुंब ताणलेल्या पिशवीच्या भिंतीत रक्त पोहोचत नाही, ती दुबळी होते, तेव्हा होतो. पिशवी वेळेवर रिकामी झाली तर जंतू धुऊन निघतात. त्या वेळी हे ऐकून पुष्कळांनी कपाळाला हात लावला. आज जगभर कण्याची इजा झालेली माणसं आणि जन्मतः कण्यात दोष असलेली मुलं या पद्धतीवर शाळेत जातात, नोकरी करतात. मूत्राशयाच्या इतिहासात मला या साबणाच्या वडीचा मान विषाच्या कुपीपेक्षा मोठा वाटतो. ती नसती तर विषाचा प्रयोगच करता आला नसता.

अमेरिकेत मज्जातंतूंच्या आजारामुळे लघवी गळणाऱ्यांसाठी या इंजेक्शनला ऑगस्ट २०११ मध्ये मान्यता मिळाली, २०० युनिटला. कण्याचा, मेंदूचा काही आजार नसलेल्या साध्या अतिसक्रिय पिशवीसाठी जानेवारी २०१३ मध्ये, १०० युनिटला. दोन आकड्यांतल्या फरकाचं कारण उघड आहे. पहिल्या गटातले पुष्कळ जण आधीच नळी वापरत असतात, पिशवी जास्त लुळी पडली तरी त्यांचं बिघडत नाही. दुसऱ्या गटातला माणूस स्वतःहून लघवी करतो, आणि ते त्याला करता येत राहिलं पाहिजे.

युनिट हे माप उंदरांवरून आलं. टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे ज्या मात्रेत मरतात ती एक युनिट. दर नव्या घाण्याची ताकद अशी मोजली जाई आणि त्यापायी असंख्य उंदीर जात. २०११ पासून ॲलर्गनला पेशींवरच्या चाचणीची परवानगी मिळाली. १०० युनिटच्या कुपीत विषाचं प्रथिन असतं सुमारे ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या पाचपट. डोळ्यांना दिसत नाही, कुपी रिकामीच वाटते. निरनिराळ्या कंपन्यांचे युनिट एकमेकांशी जुळत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं.

टोचण्याचं काम वीस मिनिटांत, अर्ध्या तासात उरकतं. आधी लघवी तपासून संसर्ग नाही ना ते बघतात, असेल तर पुढे ढकलतात. प्रतिजैविक देतात, मात्र जेंटामायसिनच्या घराण्यातलं नको, कारण ती औषधं विषाचा असर वाढवू शकतात. लिग्नोकेनने पिशवी आतून बधिर करतात, काही ठिकाणी थोडी गुंगी देतात. मग मूत्रमार्गातून दुर्बीण टाकायची, तिच्यातून बारीक सुई सरकवायची आणि पिशवीच्या भिंतीत साधारण एकेक सेंटिमीटर अंतरावर २० ठिकाणी अर्धा-अर्धा मिलिलिटर सोडायचं. पिशवीच्या तळाशी जो त्रिकोण असतो, तो सहसा वगळतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. एक-दोन दिवस लघवी करताना आग होते, थोडी लालसर होते. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आता आकडे. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ५५७ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. हे सगळे गोळ्यांनी गुण न आलेले किंवा गोळ्या न सोसलेले होते. त्यांचं गळणं दिवसाला साधारण पाच-साडेपाच वेळा होतं. बारा आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटात ते सरासरी २.६५ वेळांनी कमी झालं, नुसतं सलाइन टोचलेल्यांत ०.८७ ने. पूर्ण कोरडे झाले २२.९ टक्के, सलाइनच्या गटात ६.५ टक्के. म्हणजे खऱ्या औषधाने चौघांतला एकही पुरता कोरडा झाला नाही. जाहिरातीत दिसणारं हसू या आकड्याला धरून नसतं. तरी दिवसात पाच वेळा कपडे बदलणाऱ्या बाईला दोन-अडीच वेळांवर येणं किती मोठं आहे, ते तिलाच विचारावं.

त्याआधी २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली चाचणी मला जास्त बोलकी वाटते, कारण तिच्यात गोळ्या आणि सुई समोरासमोर होत्या. सुमारे अडीचशे बायका. निम्म्यांना खऱ्या गोळ्या आणि सलाइनचं इंजेक्शन, निम्म्यांना खोट्या गोळ्या आणि खरं इंजेक्शन. सहा महिन्यांत गळण्याच्या वेळा दोन्ही गटांत सारख्याच घटल्या, दिवसाला ३.४ आणि ३.३. पण पूर्ण कोरड्या झाल्या गोळ्यांच्या गटात १३ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात २७ टक्के. तोंडाला कोरड पडली ४६ टक्के आणि ३१ टक्के. लघवीचा संसर्ग झाला १३ टक्के आणि ३३ टक्के. काही काळ नळी वापरावी लागली गोळ्यांच्या गटात कोणालाही नाही, इंजेक्शनच्या गटात ५ टक्क्यांना. यात कोण जिंकलं हे रुग्णाला कशाची भीती जास्त यावर ठरतं.

ती ५ टक्क्यांची नळी हा या उपचाराचा कळीचा मुद्दा. पिशवी शांत करायला गेलो आणि ती जरा जास्तच शांत झाली, की लघवी अडते. गळणाऱ्याला अडणाऱ्याची जागा मिळते. हेही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं, पण तोवर दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालावी लागते. म्हणून इंजेक्शनच्या आधीच नर्सने नळी घालायला शिकवावं आणि रुग्णाने एकदा करून बघावं. ज्याला ते जमणारच नाही, बोटं संधिवाताने वाकली आहेत, नजर अधू आहे, घरात मदतीला कोणी नाही, त्याने इंजेक्शन न घेतलेलं बरं. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांच्या आत सोनोग्राफीने पिशवीत किती लघवी उरते ते बघायचं. मधुमेह्यांनी जास्त सावध राहावं. त्यांच्या पिशवीच्या नसा आधीच मंदावलेल्या असू शकतात, आणि चाचण्यांत त्यांच्यात लघवी अडण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट निघालं. महाराष्ट्रात मधुमेही पुष्कळ आहेत, तेव्हा हा तपशील तळटीप म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा नसा-स्नायूंच्या जोडावरचा आजार असणाऱ्यांना हे इंजेक्शन सहसा देत नाहीत. विष अंगभर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं फार विरळा, पण कुपीवर तो इशारा छापलेला असतो. तसं काही वाटलं तर थेट रुग्णालय गाठावं.

असर साधारण सहा महिने टिकतो, कोणाला नऊ, कोणाला चार. पुन्हा घ्यायचं तर निदान बारा आठवडे जाऊ द्यायचे. ब्रिटनमधल्या एका केंद्राने आपल्या १३७ रुग्णांचा मागोवा २०१३ साली छापला. पाच वर्षांत सुमारे ६४ टक्क्यांनी इंजेक्शन सोडलं होतं, आणि सोडण्याचं मोठं कारण गुण न येणं हे नव्हतं. संसर्ग आणि नळी ही कारणं पुढे होती. आपल्याकडे त्यात खर्चाची भर पडते. कुपी महाग, वर दुर्बीण, दवाखाना, आणि हे दर वर्षी एकदा-दोनदा. पहिल्या इंजेक्शनच्या आधी तिसऱ्या इंजेक्शनचा खर्च विचारावा. डॉक्टर सहसा तो आपणहून सांगत नाहीत, आणि रुग्ण विचारायला लाजतात.

इंजेक्शन सोडणाऱ्यांना वाट उरते. घोट्याजवळच्या नसेला आठवड्यातून एकदा अर्धा तास सौम्य वीज देण्याचा उपचार आहे. तो बारा आठवडे चालतो, दुखत नाही, पण दर आठवड्याला दवाखाना गाठावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे त्रिकास्थीतल्या नसेजवळ तार आणि कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवणं. २०१६ साली या यंत्राची आणि २०० युनिट विषाची अमेरिकेत बायकांवर तुलना झाली. सहा महिन्यांनी विषाच्या गटात गळणं दिवसाला ३.९ वेळांनी आणि यंत्राच्या गटात ३.३ वेळांनी घटलं होतं. फरक विषाच्या बाजूने होता, पण लहान. दोन वर्षांनी तोही मावळला, आणि संसर्गाचं प्रमाण मात्र विषाच्या गटातच जास्त राहिलं.

सुईच नको म्हणून विष नुसतं पिशवीत ओतून ठेवण्याचे प्रयोगही झाले आहेत. अडचण पिशवीच्या अस्तराची आहे. दिवसभर लघवी साठवूनही ती अंगात झिरपू नये असंच ते बनलेलं असतं, आणि विषाचा रेणू बराच मोठा. तैवानमध्ये ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून ओतलं गेलं. लघवीच्या फेऱ्या कमी झाल्या, पण गळणं थांबवण्यात सुईची बरोबरी झाली नाही. त्यामुळे विष द्यायचं तर आजही दुर्बीण टाकून भिंतीत वीस वेळा टोचण्याला पर्याय नाही.